नागपुरात कॉकटेल बारमध्ये जेवायला जाताना: मेनू, बर्फ, संत्रं आणि बिल

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. धरमपेठ किंवा सिव्हिल लाइन्सकडच्या एखाद्या नव्या, देखण्या रेस्टॉरंट-बारमध्ये सहा जणांना जेवायला जायचं आहे. आईबाबा दारू घेत नाहीत, आई शाकाहारी आहे, भाचा बावीस वर्षांचा आहे, उरलेले तिघं घेतात. सवय परमिट रूमची आणि सावजीची. मागच्या वेळी साडेसहाशे रुपयांची कॉकटेल्स सरबतासारखी गोड निघाली आणि बिल ठरवलेल्या रकमेच्या दीडपट झालं. या वेळी काय बघायचं, काय मागवायचं?

उत्तर

कॉकटेल गोड निघणार की नाही, हे बहुतेक वेळा मेनूवरच छापलेलं असतं. नावाखाली बारीक अक्षरात घटक दिलेले असतात. त्यातले गोड किती आणि आंबट-कडू किती, ते बोटांवर मोजा. लिकर (म्हणजे गोड, फळा-मसाल्याच्या स्वादाची दारू), प्युरे (फळाचा गर), सिरप, मध, फळाचा रस, नारळाचं क्रीम, जिंजर एल हे सगळे गोडाच्या बाजूला. लिंबू, कोकम, चिंच, बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क), कोरडी म्हणजे गोड नसलेली वाइन, साधा सोडा हे दुसऱ्या बाजूला. टॉनिक कडू लागतं म्हणून लोक ते दुसऱ्या बाजूला धरतात, पण त्यात साखर भरपूर असते. आता समजा लिहिलंय: व्होडका, पॅशनफ्रूट प्युरे, पीच लिकर, व्हॅनिला सिरप, संत्र्याचा रस. गोड चार, आंबट जवळजवळ शून्य. ते सरबतच होणार, बारटेंडर कितीही हुशार असला तरी. दोन गोडांना निदान एक लिंबू किंवा एक कडू घटक हवा, एवढा हिशेब धरला तरी निम्मी फसगत टळते.

आंबट जातीच्या कॉकटेलचा मूळ साचा सोपा आहे: ६० मिली दारू, २० ते २५ मिली ताज्या लिंबाचा रस आणि जवळपास तेवढाच साखरेचा पाक. पाक एकास एक आहे की दोनास एक, यावर सगळा तोल अवलंबून असतो. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेऊन केलेल्या पाकात, मिलीला मिली मोजलं तर, एकास एक पाकापेक्षा सुमारे दीडपट साखर असते. कृती एका पाकाची आणि बाटलीत दुसरा पाक, ही चूक नव्या बारमध्ये फार होते. शिवाय आपलं कागदी लिंबू लहान असतं, एकातून रस निघतो १० ते १५ मिली. म्हणजे एका ग्लासाला दोन लिंबं लागतात. गर्दीच्या वेळी बारटेंडर एकावर भागवतो, पाक मात्र तेवढाच राहतो, आणि ग्लास गोड होतो. सांगताना ‘गोड कमी’ एवढं म्हणू नका. नुसता पाक कमी केला की दारू उघडी पडते. ‘लिंबू पूर्ण माप टाका, पाक १५ मिलीवर ठेवा’ असं सांगा. जो बारटेंडर हे ऐकून लगेच मान डोलावतो, त्याला काम येतं.

पहिली फेरी साधी मागवा. जिमलेट (जिन, लिंबू, साखर), डायकिरी (पांढरी रम, लिंबू, साखर) किंवा व्हिस्की सावर. तिघं घेणारे आहात तर तीन वेगळी मागवा आणि एकमेकांची एकेक घोट चव घ्या. या पेयांत लपायला जागा नसते. लिंबू सकाळचं पिळून ठेवलेलं असेल, पाक जास्त पडला असेल, बर्फाला वास असेल, सगळं पहिल्या घोटात कळतं. ही जमली तर दुसऱ्या फेरीला त्या बारची खास, धूर निघणारी, फुलं लावलेली कॉकटेल्स बिनधास्त मागवा. जमली नाहीत तर दुसऱ्या फेरीला व्हिस्की-सोडा किंवा बिअर घ्या आणि जेवणावर लक्ष द्या. उलट क्रमाने गेलं की पैसे आधी जातात आणि शहाणपण नंतर येतं.

पहिल्या घोटाच्या आधी डोळ्यांनी तीन गोष्टी बघून घ्या. पहिलं माप. ३० आणि ६० मिलीची दोन तोंडांची धातूची वाटी, जिला बारवाले जिगर म्हणतात, ती हातात आहे का? बाटली उंचावरून ओतणं दिसायला छान, पण १० मिली इकडेतिकडे झालं की वरचा साचा मोडतो. कधी तुमची दारू कमी पडते, कधी लिंबाचा तोल जातो. परमिट रूममध्ये तुम्ही पेग मापून घेता, मग इथे मापाची लाज कशाला?

दुसरं बर्फ, आणि यावर थोडं थांबायला हवं, कारण नागपूरच्या हवेत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. कॉकटेलमध्ये बर्फ फक्त गार करायला नसतो, त्याचं पाणी हा मोजलेला घटक असतो. शेकरमध्ये दहा-बारा सेकंद जोरात हलवल्यावर ग्लासात जे येतं, त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग बर्फाचं पाणी असतो. ते पाणी नसेल तर पेय घशाला लागतं, जास्त झालं तर पातळ. आता मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, बर्फाचा डबा काउंटरवर अर्धा तास उघडा राहिला तर प्रत्येक खड्यावर पाण्याचा थर चढतो. तो ओला बर्फ शेकरमध्ये टाकला की हलवायच्या आधीच पाणी आत गेलेलं असतं. चांगला बार डबा झाकून ठेवतो, साठलेलं पाणी निथळू देतो, बर्फ थोडा थोडा काढतो. डिसेंबरमध्ये हा त्रास कमी, पण शनिवारी रात्री दहाला, फ्रीजर शंभर वेळा उघडल्यावर, तेव्हाही होतो. मोठा, काचेसारखा पारदर्शक चौकोनी खडा दिसला तर चांगलं लक्षण समजा. एकाच मोठ्या खड्याचा पृष्ठभाग कमी असल्यामुळे तो हळू वितळतो. ओल्ड फॅशन्डसारखं सावकाश प्यायचं पेय त्यातच यायला हवं. आणि बर्फाचा वास घेऊन बघा. मासळी किंवा मसाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बर्फाला तो वास लागतो, आणि जिनसारख्या नाजूक दारूत तो लपत नाही.

‘एकावर एक’ फुकटची वेळ असेल तर दोन्ही ग्लास एकदम आणू देऊ नका. दुसरा ग्लास टेबलावर उभा राहून पंधरा मिनिटांत पाणी होतो. ‘दुसरा मागेन तेव्हा बनवा’ असं ऑर्डर देतानाच सांगा. बहुतेक ठिकाणी ऐकतात, फक्त वेळ संपायच्या आत मागवावा लागतो.

तिसरी गोष्ट व्हर्मुथ. नेग्रोनी, मार्टिनी, मॅनहॅटन यांत ते लागतं. व्हर्मुथ म्हणजे वनस्पती घालून मुरवलेली, थोडी दारू मिसळून ताकद वाढवलेली वाइनच. उघडल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि साधारण महिना-दोन महिन्यांत संपवावं लागतं. जिथे दिवसाला दोन-तीनच नेग्रोनी जातात, तिथे बाटली मागच्या फळीवर, दिव्यांच्या उबेत, कित्येक महिने उभी असते. अशा व्हर्मुथला जुन्या, विटलेल्या द्राक्षरसासारखी चव येते. ‘व्हर्मुथ फ्रिजमध्ये ठेवता का?’ असा सरळ प्रश्न विचारा. हो म्हणाले तर नेग्रोनी नक्की घ्या: जिन, कॅम्पारी (लाल, कडू इटालियन दारू), गोड व्हर्मुथ, तिन्ही ३० मिली, वर संत्र्याच्या सालीची पट्टी. उत्तर नीट मिळालं नाही तर त्या घराण्याची पेयं सोडून द्या.

लाँग आयलंड आइस्ड टीबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण ‘पैसे वसूल’ म्हणून ते सगळ्यात जास्त मागवलं जातं. त्यात पाच प्रकारची दारू, प्रत्येकी १५ मिली, म्हणजे ७५ मिली. दोन ग्लास म्हणजे पाच स्मॉल पेग, आणि वरच्या कोलामुळे त्याचा अंदाज येत नाही. घरच्या समारंभात, आईबाबांसमोर, हे नको.

आता संत्रं. डिसेंबरमध्ये नागपुरात कॉकटेल प्यायचं आणि संत्र्याचं नाही, असं करू नका. पण मागवायचं कसं, ते समजून घ्या. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे दोन बहार, म्हणजे फळाचे दोन हंगाम: अंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतं, मृगाचं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे तुमच्या तारखेला अंबिया बहार बाजारात असेल. जानेवारीपासून पंजाब-राजस्थानकडचा किनो गाड्यांवर ढिगाने दिसतो. घट्ट चिकटलेली साल, गडद रंग, भरपूर बिया ही त्याची खूण. बारमध्ये तोही ‘संत्रं’ म्हणून खपतो. वाईट नसतो, पण आपल्या संत्र्याचा सुवास त्यात नाही.

संत्र्याच्या कॉकटेलमध्ये दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे संत्र्यावरच आंबटपणाची भिस्त ठेवली जाते. पिकलेल्या नागपुरी संत्र्याच्या रसात आम्ल एक टक्क्याच्याही खाली असतं, लिंबाच्या रसात ते पाच-सहा टक्के. जिनमध्ये नुसता संत्र्याचा रस घातला की पेय गोड, सपाट आणि जड होतं. जमणारं माप असं: ४५ मिली जिन, ४५ मिली संत्र्याचा रस, १५ मिली लिंबाचा रस, पाक फार तर ५ ते १० मिली, आणि चिमटीभर मीठ. मिठाने खारट लागत नाही, कडूपणा दबतो आणि फळ पुढे येतं.

दुसरी चूक जास्त गंभीर, आणि ती पुष्कळ बारवाल्यांनाही माहीत नसते. संत्र्याचा रस काढल्यावर लगेच गोड लागतो, पण काही तासांनी कडू होतो. कारण फळाच्या पापुद्र्यात आणि बियांत जे द्रव्य असतं, त्याला स्वतःला कडू चव नसते. रस काढला की आम्लाशी संबंध येऊन त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि लिमोनिन अतिशय कडू असतं. फळ मशीनमध्ये जोरात दाबून बिया चिरडल्या की हे द्रव्य आणखी उतरतं. रस तापवला तर बदल आणखी लवकर होतो. दुपारी चारला काढून ठेवलेला रस रात्री नऊला कडवट येतो, मग तो झाकायला बारटेंडर पाक वाढवतो, आणि तुम्हाला मागच्या वेळेसारखं गोड-कडू सरबत मिळतं. म्हणून ‘रस ऑर्डरनंतर काढता का?’ हे विचाराच. नाही म्हणाले तर सालीच्या वासावर उभं असलेलं पेय मागा. संत्र्याची साल साखरेत चोळून काही तास ठेवली की तिचं तेल साखरेत उतरतं, त्या साखरेच्या पाकाला हा कडूपणा येत नाही आणि सुवास रसापेक्षा जास्त असतो. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये मेनूवर संत्रं दिसलं तर ते बहुधा डब्यातलं असतं. त्या दिवसांत कैरी, बेल, अंबाडीकडे वळलेलं बरं.

आईसाठी काही प्रश्न आधी, फोनवरच विचारून ठेवा. टेबलावर विचारलं की वेटर घाईत ‘व्हेज आहे’ म्हणतो, आणि त्याला खरंच माहीत नसतं. व्हिस्की सावरवरचा पांढरा फेस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. काही मॉकटेलवरही तोच फेस घालतात. त्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरता येतं, फेस तसाच येतो, कित्येक बार ते ठेवतात. टोमॅटोच्या तिखट मॉकटेलमध्ये वुस्टरशर सॉस असतो आणि त्याच्या मूळ कृतीत अँचोव्ही मासा असतो. थाई करीत फिश सॉस, ‘व्हेज’ नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस, पन्ना कोट्यात जिलेटिन, परमेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट. दुधाने निवळलेली कॉकटेल्स पाण्यासारखी पारदर्शक दिसतात, पण ज्यांना दूध चालत नाही त्यांनी ती टाळावीत. बुकिंग करताना ‘एक जण पूर्ण शाकाहारी, अंडं आणि जिलेटिनही नको, कुठल्या डिश चालतील ते शेफना विचारून कळवा’ असं सांगितलं तर चांगलं रेस्टॉरंट परत फोन करतं. ज्यांनी केला नाही, तिथे जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

न पिणाऱ्यांच्या वाट्याला साधारणपणे निळंगुलाबी सिरपचं पाणी येतं. तसं होऊ नये. बारटेंडरला सांगा: लिंबू किंवा कोकम, आलं, थोडं मीठ, सोडा, आणि साखर वेगळी द्या. कॉकटेलच्याच ग्लासात आणायला सांगा, म्हणजे ‘चिअर्स’ करताना आईबाबांच्या हातात प्लॅस्टिकच्या नळीचा उंच पेला राहणार नाही. त्यांचा दिवस आहे, पहिला ग्लास त्यांच्यासमोर आला पाहिजे. वेटर बहुतेक वेळा बारची ऑर्डर आधी आणतो, म्हणून हे मुद्दाम सांगून ठेवा.

भाच्याचं स्पष्ट आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, व्होडका-जिन-रम-व्हिस्कीसाठी २५. म्हणजे दारू असलेलं कॉकटेल त्याला चालत नाही, वाइन किंवा सौम्य बिअर चालते. ओळखपत्र सोबत असू द्या. वेटरने मागितलं तर तो नियम पाळतोय, वाद घालू नका. तारीख ठरवताना निवडणुकीचं वेळापत्रकही बघा: मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या भागात दारूविक्री बंद असते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे तर ठरलेलेच.

वेळ आणि जागा. नागपुरात लोक उशिरा निघतात. शनिवारी नऊ ते साडेदहा या दीड तासात स्वयंपाकघर आणि बार दोन्ही तुंबतात. ओल्या बर्फापासून विसरलेल्या डिशपर्यंतच्या बहुतेक चुका याच वेळात होतात. साडेसातचं टेबल घ्या, शक्य असेल तर बुधवार-गुरुवार. तेव्हा मुख्य बारटेंडर आणि शेफ जागेवर असतात आणि तुमच्याशी बोलायला त्यांना सवड असते. जागा मागताना स्पीकर कुठे आहेत ते विचारा. सत्तरीच्या आईबाबांना डोक्यावर वाजणारा डीजे नको. गच्चीवरची जागा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच चांगली, उन्हाळ्यात रात्री नऊलाही फरशी आणि भिंती दिवसाची उष्णता सोडत असतात. डिसेंबरमध्ये उलट थंडी असते, म्हणून हीटर जवळ आहे का ते विचारा आणि शाली बरोबर न्या. गच्चीवर लिफ्ट जाते की शेवटचा मजला जिन्याने चढावा लागतो, हेही फोनवरच विचारून घ्या.

जेवणात सहा जणांना सुरुवातीला चार छोट्या डिश पुरतात, कारण त्या दोघांत एक अशा हिशेबाने बनवलेल्या असतात. सगळं एकदम सांगू नका. स्वयंपाकघर जे आधी तयार होईल ते पाठवतं, टेबल भरतं, निम्मं गार होतं. दोन फेऱ्या करा: आधी चार, ती संपत आली की पुढचं. मुख्य जेवण दोघांत एक पुष्कळ झालं, आणि त्याची ऑर्डर साडेआठला देऊन टाका, नऊची गर्दी लागायच्या आत.

तुम्ही सावजीवाले आहात, म्हणून तिखटाबद्दल थोडं सविस्तर. दारूने तिखटाची आग वाढते, कमी होत नाही. मिरचीतलं द्रव्य तोंडातल्या ज्या संवेदकांना जागं करतं, दारू त्यांनाच आणखी हळवं करते. त्यामुळे कडक पेयाबरोबर तिखट डिश घेतली की दोन्हींची चव मरते. आजकाल मेनूवर सावजी मसाल्यातल्या छोट्या डिश दिसतात. लवंग, मिरी, दगडफूल, खसखस असं भाजून वाटलेलं वाटण आणि वर तर्री. तिच्याबरोबर नेग्रोनीसारखं कडू पेय घेतलं तर लवंग-मिरीचा कडवटपणा आणि पेयाचा कडवटपणा एकावर एक चढतात. त्याच्याबरोबर लांब, गार, थोडं गोड-आंबट, कमी दारूचं पेय घ्या. रम, लिंबू, आलं आणि सोडा हे फार छान जमतं. तळलेल्या आणि तेलकट पदार्थांबरोबर बुडबुडेवाली पेयं, म्हणजे व्हिस्की-सोडा, स्पार्कलिंग वाइन, बिअर. त्यांनी जिभेवरचा तेलाचा थर निघतो. ओल्ड फॅशन्ड आणि तिच्या जातीची जड पेयं जेवणानंतर. एक सूचना: सगळ्यात तिखट डिश शेवटी मागवा. ती पहिली आली तर पुढच्या तासभर साडेसहाशेचं काहीही दीडशेच्या पेयासारखं लागतं.

माशाचं बघून घ्या. नागपूर समुद्रापासून लांब आहे. समुद्री मासळी इथे बर्फात प्रवास करून येते. ती शिजवून, तंदूरमध्ये किंवा करीत अगदी छान लागते. पण कच्च्या माशाचे प्रकार, सुशी किंवा सेविचे, ‘मासा कुठल्या दिवशी आला’ याचं ठाम उत्तर मिळाल्याशिवाय मागवू नका. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांचा प्रदेश इतका जवळ असताना गोड्या पाण्यातला मासा किंवा झिंगे मेनूवर दिसले, तर मी ते आधी सुचवीन.

काही बिघडलं तर परत कसं द्यायचं? पहिल्या दोन घोटांत सांगा, अर्धा ग्लास संपवून नाही. ‘आवडलं नाही’ म्हटलं की बारटेंडरला काही करता येत नाही. ‘फार गोड आहे’, ‘पातळ झालंय’, ‘रस कडू आहे’ असं नेमकं सांगा. गोड असेल तर ५ ते ७ मिली लिंबाने तिथल्या तिथे दुरुस्त होतं. पातळ आणि कडू दुरुस्त होत नाही, नवीनच बनवावं लागतं. ‘भाऊ, जरा बघता का’ अशा सुरात बोललात तर बहुतेक जण खुशीने बदलून देतात.

आता बिलाचं गणित. बिलात दोन वेगळे कर असतात. जेवण, मॉकटेल आणि सोड्यावर जीएसटी ५ टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असू शकतो. दारू जीएसटीत येत नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि परमिट रूमसाठी तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. म्हणून दारूच्या ओळीवर जीएसटी दिसला तर ती चूक आहे, दाखवून दुरुस्त करून घ्या.

तुमचं उदाहरण घेऊ. तिघांची प्रत्येकी दोन कॉकटेल्स ६५० ची, म्हणजे ३,९००. भाच्याची बिअर ३५० धरा. दारू ४,२५०, त्यावर व्हॅट ४२५. जेवण आणि मॉकटेल्स ६,००० धरली तर जीएसटी ३००. एकूण १०,९७५. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर १०,२५० वर १,०२५, म्हणजे बरोबर १२,०००, आणि सर्व्हिस चार्जवरही कर लावला असेल तर थोडं जास्त. हा चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. नको असेल तर शांतपणे ‘काढून द्या’ म्हणा. नकार दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पण बघा, कर आणि चार्ज धरूनही छापील भावापेक्षा वाढ सतरा टक्क्यांची झाली. दीडपट झाली नाही. उरलेली वाढ ऑर्डर देताना होते. ‘सर, कुठली व्होडका?’ याला पटकन महागड्या ब्रँडचं नाव दिलं जातं, आणि पॅशनफ्रूट-पीचच्या गर्दीत त्या ब्रँडचा मागमूसही राहत नाही. आंबट-गोड कॉकटेलमध्ये बारचा नेहमीचा, स्वस्त ब्रँड पुरतो, महाग बाटली काही न मिसळता किंवा सोड्यातच घ्यावी. ‘रिपीट?’ याला मान हलवली की कधी ३० चं ६० होतं. टॉनिक, सोडा, जिंजर एल वेगळे लागतात. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग देता येतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रेस्टॉरंटना तशी मुभा दिली. वेटर विचारतो ‘मिनरल की साधं’, तेव्हा ‘फिल्टरचं साधं’ असं उत्तर द्या. बारचं आणि जेवणाचं बिल वेगळं मागा आणि पहिल्या फेरीनंतर एकदा चालू बिल बघून घ्या.

परतीचं आधी ठरवा. ३० मिली पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, ६० मिली दारूची दोन कॉकटेल्स म्हणजे ४०. शरीर तासाला ढोबळ मानाने सात-आठ ग्रॅम जाळतं. म्हणजे नऊला संपवलेलं रात्री एकलाही अंगात असतं, कॉफी आणि ताक पिऊन ते कमी होत नाही. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वडील गाडी चालवणार असतील तर उत्तम, पण त्यांच्याच समारंभात त्यांना चालक करू नका. जाताना गाडी नेऊच नका. रात्री दहानंतर सिव्हिल लाइन्स-धरमपेठेतून टॅक्सी मिळायला वेळ लागतो, तेव्हा गोड पदार्थ टेबलावर आला की टॅक्सी मागवायला घ्या. आणि टीप द्यायची असेल तर रोख, ज्याने वाढलं त्याच्या हातात, आणि ज्याने लिंबू पूर्ण मापाने टाकलं त्या बारटेंडरची वेगळी.